सत्तावीस कार्डं आणि एक ‘तू’

“मॅडम, कॉमिक्समधल्या बायका संपल्या म्हणून पंचेचाळीस वर्षांची बाई आठ दिवस रडत असेल, तर तिला डॉक्टरकडे न्यावं का?”

मला वाटलं, सल्ला घ्यायला आलेल्या या बाई बहिणीबद्दल विचारतायत. त्या स्वतःबद्दलच विचारत होत्या. (वय, गाव बदललं आहे. त्या ग्रंथपाल आहेत एवढं मात्र त्यांना विचारून तसंच ठेवलंय, नाहीतर ही गोष्ट सांगताच येत नाही.)

अमेरिकेतली भाची सुट्टीत येऊन गेली आणि तिचं एक जाडजूड पुस्तक घरी राहिलं. ॲलिसन बेक्डेल यांच्या ‘डाइक्स टू वॉच आउट फॉर’ या चित्रमालिकेचा संग्रह. नावातला पहिला शब्द तिकडे समलिंगी बायकांना शिवी म्हणून वापरत; या बायकांनी तोच उचलून मिरवला. 1983 ते 2008 अशी पंचवीस वर्षं ही मालिका तिथल्या समलिंगी आणि स्त्रीवादी वृत्तपत्रांतून येत राहिली. त्यातली माणसं वाचकांबरोबर म्हातारी होत जातात. पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट घालणारी, साऱ्या जगाची काळजी वाहणारी मो बायकांच्या पुस्तकांच्या दुकानात काम करते. दुकान बंद पडतं, मग ती ग्रंथपाल होते. बाईंनी तिथे पुस्तक मिटलं होतं आणि थोडा वेळ नुसतंच बसून राहिल्या होत्या.

पहिल्याच भेटीत मी चूक केली. “तुम्हाला स्वतःला बायकांबद्दल आकर्षण वाटतं का?” असं थेट विचारून टाकलं. त्या घड्याळाकडे बघायला लागल्या आणि पुढचे तीन आठवडे आल्याच नाहीत.

आल्या तेव्हा पर्समधून दोऱ्यात ओवलेला एक गठ्ठा काढला. ग्रंथालयाचं काम संगणकावर गेल्यावर रद्दीत निघालेली तालिकेची कार्डं, पाच बाय तीन इंचांची, खाली सळईसाठी भोक असलेली. पुढच्या बाजूला कुठल्यातरी कादंबरीचा दाखल क्रमांक. मागे निळ्या शाईत मोला लिहिलेलं पत्र. सत्तावीस कार्डं, आणि प्रत्येकावर शेवटची ओळ त्या भोकाला वळसा घालून गेलेली.

चाहत्यांची पत्रं म्हटली की लोकांना वाटतं, प्रेमात पडलेलं कुणीतरी. इथे प्रेमाबद्दल जेमतेम दोन कार्डं होती. बाकी सगळा संसार. मालिकेतल्या जोडप्यातली क्लॅरिस वकिलीत बुडालेली, तिची जोडीदारीण टोनी मूल आणि घर सांभाळून वैतागलेली, त्यावर बाईंनी लिहिलं होतं: ‘अशा दोघींचंही घरकामावरून वाजू शकतं हे मला ठाऊकच नव्हतं. मला वाटायचं, अशा बायकांचं एक तर लपवायचं असतं, नाही तर जीव द्यायचा असतो.’

मी ते कार्ड दोनदा वाचलं. वसतिगृहातल्या मैत्रिणीबद्दल पंचवीस वर्षं त्यांनी कुणाला काही सांगितलेलं नव्हतं. ते त्या दिवशी, मी न विचारता, सांगितलं.

त्यांच्या मुख्य भीतीचं उत्तर सोपं होतं. पडद्यावरच्या माणसांशी प्रेक्षकाचं जे एकतर्फी नातं जुळतं, त्याचं वर्णन हॉर्टन आणि वोल या अभ्यासकांनी 1956 सालीच केलंय. मालिकेतलं पात्र मेलं की आपल्या आया दोन दिवस हळहळतात, त्यांना कुणी डॉक्टरकडे नेत नाही. आणि यांच्यासाठी तर अशा संसाराची दुसरी ओळख गावात नव्हतीच. अर्थात झोप, जेवण, काम आठवडेच्या आठवडे बिघडलं किंवा मरणाचे विचार यायला लागले, तर थांबू नये. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक फुकट आहे. बाईंचं तसं काही नव्हतं. त्या रोज वेळेवर ग्रंथालय उघडत होत्या.

“पुस्तक वाचून मी अशी झाले का?” हा दुसरा प्रश्न. मी म्हटलं, वसतिगृहात असताना कुठलं पुस्तक वाचत होता? त्या हसल्या. औषधाचंही विचारलं. जागतिक आरोग्य संघटनेने समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली ती 1990 मध्ये, आणि ‘बरं करतो’ म्हणणारा डॉक्टर आपल्या वैद्यकीय आयोगाच्या 2022 च्या आदेशानुसार गैरवर्तन करत असतो, हे सांगितलं. त्यांनी ते कार्डावर टिपून घेतलं.

मी हौसेने अमृता पाटील यांची ‘कारी’ ही समलिंगी नायिकेची चित्रकादंबरी दिली. 2008 ची, मुंबईत घडणारी, आपल्या जवळची. आठवड्याने परत आली. “चित्रं सुंदर आहेत. पण ही फार एकटी आहे, मॅडम. एकटीचं मी रोजच जगते.”

मला त्या कार्डांत खटकलेली गोष्ट वेगळीच होती. या बाई शिपायालाही ‘अहो’ म्हणतात. मोला मात्र पहिल्या ओळीपासून ‘तू’. तसं म्हणाले, तर गोऱ्यामोऱ्या झाल्या. शेवटचं ‘अगं’ कुणाला म्हटलं होतं, हे त्यांना आठवेना.

लेखिकेला पाठवायचं म्हणून त्यांनी इंग्रजी करून पाहिलं. तिथे ‘तू’ही तेच आणि ‘तुम्ही’ही तेच. वैतागून ते फाडलं. कार्डं दोऱ्यातच राहिली.

मुंबईत 1995 पासून अशा बायकांचा गट आहे, आधी स्त्री संगम, आता लाबिया, हे मी त्यांना सांगितलं होतं. त्यांनी चार महिने काही केलं नाही. मग तिथे कुणाशी तरी ओळख झाली आणि एका रविवारी मला फोन केला.

“दहा मिनिटं ‘अहो-अहो’ चाललं होतं. मग तीच म्हणाली, अगं, तू म्हण की!”