जुन्या टर्बोचार्जरपासून घरी जेट इंजिन बनवता येतं का?

हो, येतं. ट्रकच्या टर्बोमध्ये कॉम्प्रेसर (हवा दाबणारं चाक) आणि टर्बाइन (गरम वायूने फिरणारं चाक) एकाच शाफ्टवर, म्हणजे दांड्यावर, तयार मिळतात. तुम्हाला मध्ये ज्वलनकक्ष बसवायचा असतो, आणि सगळी परीक्षा तिथेच आहे. आतली भोकं पाडलेली स्टेनलेस नळी, म्हणजे फ्लेम ट्यूब, नीट जमली नाही तर ज्योत थेट टर्बाइनच्या पात्यांपर्यंत पोचते. हौशी मंडळींचा ठोकताळा असा: भोकांचं एकूण क्षेत्रफळ कॉम्प्रेसरच्या हवा आत घेणाऱ्या तोंडाएवढं, त्यातली साधारण ३० टक्के भोकं ज्योतीपाशी, २० टक्के मध्ये, उरलेली ५० टक्के टर्बाइनकडच्या टोकाला, वायू थंड करायला.

इंधन एलपीजी, ठिणगीला स्पार्क प्लग, सुरुवातीला हवा द्यायला ब्लोअर. तेलपंप मात्र वेगळा लागतोच. शाफ्ट मिनिटाला लाखाच्या आसपास फेरे घेतो. दाबाखालचं तेल थांबलं की बेअरिंग काही क्षणांत जळतं.

विमान उडवण्याची आशा ठेवू नका. टर्बाइनने काढलेली शक्ती कॉम्प्रेसर फिरवण्यातच जाते, थ्रस्ट, म्हणजे पुढे ढकलणारा जोर, थोडाच उरतो. शिकायला मात्र याहून सुंदर यंत्र नाही!

चाक फुटलं तर तुकडे गोळीसारखे सुटतात. म्हणून मोकळ्या जागेत, अनुभवी फिटर सोबत घेऊन, चाकांच्या रेषेपासून दूर उभं राहूनच चालवा. गॅसचा व्हॉल्व्ह हाताशी हवा.