आभाळ कोरडे, नदीला पूर: नाशिकमधील अतिवृष्टीचे दोन काळ

प्रश्न: जुलै-ऑगस्टमध्ये आमच्या शिवारात नुसती भुरभुर असते, तरी गोदाकाठची शेते पाण्याखाली जातात, आणि पावसाळा सरला असे वाटत असताना सप्टेंबरअखेर एका रात्रीत उभा मका आडवा होतो. अतिवृष्टीचा काळ नेमका कोणता धरावा आणि द्राक्षाची गोडी छाटणी, म्हणजे फळांसाठीची छाटणी, कधी घ्यावी? (निफाड व दिंडोरी तालुक्यांतील शेतकऱ्यांच्या प्रश्नांचा आशय)

उत्तर: गोदावरीच्या उगमाकडील आपल्या भागात अतिवृष्टीचे काळ दोन आहेत आणि दोन्हींची तयारी वेगवेगळी करावी लागते. पहिला पुनर्वसू ते मघा नक्षत्रांचा, म्हणजे जुलैच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टअखेरपर्यंतचा. बंगालच्या उपसागरावरील कमी दाबाचा पट्टा पश्चिमेकडे सरकला की अरबी समुद्रावरील बाष्पयुक्त वारे जोर धरतात, सह्याद्रीला अडून वर चढतात आणि इगतपुरी-त्र्यंबकच्या माथ्यावरच रिते होतात. इगतपुरीला वर्षाकाठी ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस होतो, तर तेथून सुमारे ७० किलोमीटरवरील निफाडला तो ५०० मिलिमीटरच्या आसपास असतो. म्हणून या दोन महिन्यांत अतिवृष्टी तुमच्याकडे आभाळातून नव्हे, नदीतून येते. गंगापूर आणि दारणा धरणांचा विसर्ग नांदूरमध्यमेश्वरच्या बंधाऱ्यापाशी एकवटतो आणि फुगवट्याचे पाणी चांदोरी-सायखेड्याच्या शिवारात शिरते; २ ऑगस्ट २०१६ आणि ४ ऑगस्ट २०१९ चे पूर याच काळातले. काठावरच्या शेतकऱ्याने आपल्या डोक्यावरचे ढग पाहण्यापेक्षा त्र्यंबकचा पाऊस आणि विसर्गाचे आकडे पाहावेत. नाशिककर गोदापात्रातील दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून पूर मोजतात, ते शहरापुरते ठीक आहे. मारुतीच्या कमरेला पाणी लागल्याची बातमी तुमच्यापर्यंत येईल, तेव्हा मोटार आणि स्टार्टर काठावरून उचललेले असावेत.

दुसरा काळ उत्तरा, हस्त आणि चित्रा नक्षत्रांचा, म्हणजे सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंतचा. मॉन्सून परतू लागतो, ऊन तापते, जमिनीत ओल असतेच. दुपारनंतर ढग उभे राहतात आणि गडगडाटासह दोन-चार कोसांच्या पट्ट्यात कोसळतात. एका गावात बांध फुटतात आणि शेजारच्या गावात धूळ बसत नाही, असे या दिवसांत घडते. एका रात्रीत ८० मिलिमीटर पाऊस झाला, तर एका एकरावर सव्वातीन लाख लिटरच्या आसपास पाणी पडते. आधीच ओल धरलेली काळी जमीन त्यातले फारसे पिऊ शकत नाही. धरणेही तोवर बहुधा भरलेली असल्याने वर जोराचा पाऊस झाल्यास विसर्ग लगेच सुरू होतो. २००८ सालचा मोठा पूर १९ सप्टेंबरला आला होता, हे लक्षात असू द्यावे.

त्यामुळे सोयाबीन आणि मक्याच्या शेतातील उताराकडचे चर पोळ्याच्या आतच मोकळे करावेत आणि खरीप कांद्याचे रोप सपाट वाफ्यावर न टाकता गादीवाफ्यावर टाकावे. गोडी छाटणीची एकच बिनधोक तारीख सांगता येत नाही. सगळी बाग एकाच आठवड्यात छाटल्यास पोंगा (डोळा फुटून कोवळी पालवी निघणे) ते फुलोरा ही नाजूक अवस्था सगळीकडे एकदम हस्त-चित्राच्या पावसात सापडू शकते आणि डाऊनी (केवडा) हा बुरशीरोग व घडकूज आवरत नाही. म्हणून प्लॉट पाडून, आठ-दहा दिवसांच्या अंतराने छाटणी घ्यावी, असे माझे मत आहे. मजूर टोळीला ते गैरसोयीचे होते, हे मला ठाऊक आहे. स्पर्शजन्य बुरशीनाशक पावसाआधी पानावर बसलेले असावे. पाऊस उघडल्यावर पळापळ करून तेवढा उपयोग होत नाही. २६ नोव्हेंबर २०२३ ची गारपीट ही अवकाळी होती आणि छाटणीचे वेळापत्रक तिच्यावर बेतू नये.

शासनदरबारी २४ तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस म्हणजे अतिवृष्टी, आणि तो महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकावर मोजला जातो. तुमच्या बांधावरचा ढग तिथे पोहोचेलच असे नाही. तेव्हा उघड्या जागी, झाडापासून दूर, साधा पर्जन्यमापक बसवावा, रोज सकाळी साडेआठला पाणी मोजून तारखेसह वहीत लिहावे आणि नुकसान झाल्यास पाणी ओसरण्याआधीचे छायाचित्र व ही वही पंचनाम्याला येणाऱ्या सहाय्यक कृषी अधिकाऱ्याला (पूर्वीचे कृषी सहायक) दाखवावी.