वाचकांचे प्रश्न : वितरक मेळावा, जनरेटर आणि गाण्यांचे हक्क

प्रश्न : आमचा शेतीपंप बनवण्याचा कारखाना आहे. दरवर्षी आम्ही वितरकांचा मेळावा घेतो आणि अडीचशेच्या आसपास मंडळी येतात. दीपप्रज्वलन, सत्कार, मान्यवरांची मनोगते, नव्या पंपांची माहिती, बक्षिसे आणि आभारप्रदर्शन असा क्रम असतो. जेवण उत्तम असते, तरीही दुपारी एकनंतर सभागृह निम्मे रिकामे होते आणि नंतर विचारले तर जेवणाखेरीज कोणाला काही आठवत नाही. काय बदलावे?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : तुमच्या क्रमात वितरकाच्या कामाची गोष्ट चौथ्या क्रमांकावर आहे. जत किंवा सांगोल्याहून पहाटे निघालेला माणूस तोवर दोन तास टाळ्या वाजवून दमलेला असतो. शाल, श्रीफळ, छायाचित्र आणि दोन शब्द धरले तर एका सत्काराला दोन मिनिटे लागतात. असे पंधरा सत्कार म्हणजे अर्धा तास गेला. सत्कार रद्द करा असे मी म्हणणार नाही, कारण मान राहिला नाही तर पुढच्या वर्षी माणसे येणार नाहीत; पण ते आदल्या संध्याकाळी जेवणाच्या वेळी किंवा चहापानात, ज्याच्या त्याच्या टेबलापाशी जाऊन करता येतात.

वाचलेला वेळ पंपाला द्या. पडद्यावर चित्रे दाखवण्याऐवजी मंचावर पाण्याने भरलेले पिंप ठेवा, त्यातलेच पाणी खेचून त्यातच सोडणारा एक अश्वशक्तीचा पंप चालू करा आणि डिमरस्टॅटने (व्होल्टेज कमी-जास्त करणाऱ्या उपकरणाने) ते 230 व्होल्टवरून हळूहळू खाली आणा. व्होल्टेज उतरते तसा वीजप्रवाह मोजणाऱ्या अ‍ॅमीटरचा काटा वर चढताना आणि पंपाचा आवाज जड होताना वितरकाला दिसू द्या. मोटार का जळते, हे गिऱ्हाइकाला समजावताना रोज त्याच्या तोंडाला फेस येतो. तेच इथे डोळ्यांसमोर घडले की दुकानात गेल्यावर तो ते स्वतःच्या शब्दांत सांगतो. प्रयोग मात्र कारखान्याच्या अनुभवी माणसानेच करावा, वायरिंगला अर्थिंग असावे आणि व्होल्टेज फार वेळ खाली ठेवू नये. त्यानंतर पंप उघडून इंपेलर (पाणी फेकणारे चक्र) आणि वाइंडिंग (मोटारीतली तारांची गुंडाळी) हातोहात फिरवा. खुर्च्यांच्या रांगांऐवजी आठ-आठ जणांची गोल टेबले मांडलीत तर हे सोपे जाते, मात्र जागा बरीच जास्त लागते, हे सभागृह ठरवतानाच लक्षात घ्या.

हा प्रयोग केव्हा दाखवायचा, हेही महत्त्वाचे आहे. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा 1993 साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. त्यात लोकांना एकदा 14 अंश सेल्सिअसच्या थंडगार पाण्यात 60 सेकंद हात बुडवायला लावले. दुसऱ्यांदा तेच 60 सेकंद आणि वर आणखी 30 सेकंद, ज्यात पाणी जेमतेम एका अंशाने कोमट केले होते. यांपैकी काय पुन्हा करायला आवडेल असे विचारले तेव्हा बहुतेकांनी जास्त वेळ चाललेला त्रास निवडला, कारण त्याचा शेवट थोडा सुसह्य होता. आपल्या मेळाव्यांचा शेवट मात्र मांडववाल्यापासून चहावाल्यापर्यंत सर्वांची नावे घेणाऱ्या आभारप्रदर्शनाने होतो आणि तेव्हा अर्धे लोक ताटांच्या रांगेत उभे असतात. म्हणून आभार सुरुवातीलाच चार वाक्यांत उरका, बक्षिसे मध्यावर द्या आणि पंपाचा प्रयोग व त्यावरची प्रश्नोत्तरे शेवटच्या 40 मिनिटांत ठेवा. प्रश्नांना सेवा विभागाच्या प्रमुखांनीच उत्तरे द्यावीत. मालकांनी मध्ये बोलू नये, हे त्यांना आधीच सांगून ठेवा. (हे काम सर्वांत अवघड आहे, याची मला कल्पना आहे.)

प्रश्न : गेल्या कार्यक्रमात वीज गेली. जनरेटर लगेच सुरू झाला, तरी एलईडी वॉल आणि माइक बराच वेळ बंद राहिले. असे का होते?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : जनरेटर काही सेकंदांत भार उचलतो, पण वॉलवरचे चित्र चालवणारा प्रोसेसर आणि माइकचे आवाज जुळवणारा डिजिटल मिक्सर हे संगणकच असतात आणि वीज तुटली की ते नव्याने सुरू व्हावे लागतात. माझ्याच देखरेखीखाली झालेल्या एका वार्षिक सभेत अध्यक्ष चार मिनिटे माइकविना उभे होते आणि मागच्या रांगांतून कुजबुज सुरू झाली होती. तेव्हापासून मी मंचाचा सगळा भार कार्यक्रमाआधीच जनरेटरवर घेतो, मिक्सर, प्रोसेसर आणि लॅपटॉप यांना यूपीएस लावतो आणि रंगीत तालमीत मुद्दाम मुख्य स्विच बंद करून पाहतो.

त्याच तालमीत शेवटच्या रांगेत जाऊन बसा. ध्वनी सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो, त्यामुळे मंचापासून 34 मीटर मागे लावलेल्या स्पीकरला तेवढ्याच अंतराचा, म्हणजे सेकंदाच्या दहाव्या भागाचा विलंब दिला नाही तर प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो.

प्रश्न : कंपनीच्या स्नेहसंमेलनात चित्रपटगीते वाजवायला परवाना लागतो का? कार्यक्रम खाजगीच आहे आणि गाण्यांच्या अ‍ॅपचे पैसे आम्ही भरलेले आहेत.
— एक वाचक, ठाणे

उत्तर : लागतो, असेच धरून चाला. अ‍ॅपचे पैसे हे स्वतः ऐकण्यासाठी असतात. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात धार्मिक आणि सरकारी समारंभांना सवलत आहे. कंपनीचा कार्यक्रम त्यात बसत नाही. ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळा आणि शब्द-संगीताचा वेगळा, म्हणून दोन्हींची चौकशी करा आणि परवाना कोणी काढायचा, तुम्ही की हॉटेलने, हे करारात लिहून घ्या. जेवण लॉनवर ठेवणार असाल तर रात्री 10 नंतर तिथे ध्वनिक्षेपक चालत नाही. बंद सभागृहात, आवाज आतल्या आत राहणार असेल तर, चालतो.