कन्सोलवरील गेमना संगणकावरील गेमपेक्षा डिजिटल हक्कांचे निर्बंध कमी असतात का?

नाही, गेमची कॉपी आणि वापर यांवर लगाम घालणारे हे निर्बंध कन्सोलवर, म्हणजे एक्सबॉक्ससारख्या खास गेमसाठीच्या यंत्रांवर, अधिक कडक असतात. ते यंत्रातच मुरलेले असल्यामुळे खेळणाऱ्याला सहसा जाणवत नाहीत, एवढेच. कन्सोल केवळ उत्पादक कंपनीची डिजिटल स्वाक्षरी असलेलाच प्रोग्राम चालवतो, त्यामुळे प्रत्येक गेममध्ये वेगळे कुलूप बसवण्याची गरज फारशी उरत नाही. संगणक मात्र खुला असल्याने प्रकाशक स्टीमसारख्या ऑनलाइन गेम-दुकानातील खाते, ऑनलाइन सक्रियीकरण किंवा डेनुवोसारखे कॉपी रोखणारे सॉफ्टवेअर वापरतात, आणि त्याचा त्रास प्रामाणिक ग्राहकालाच सोसावा लागतो, हे मला अन्यायाचे वाटते. तरीही जीओजीसारख्या, असे कुलूप न लावता गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानातून घेतलेल्या गेमची इन्स्टॉलर फाइल स्वतःजवळ जपून ठेवता येते; कन्सोलवर अशी सोय नाही. कन्सोलची खरी जमेची बाजू म्हणजे डिस्क, कारण ती विकता येते, उसनी देता येते. मायक्रोसॉफ्टने 2013 मध्ये एक्सबॉक्स वन या आपल्या कन्सोलसाठी दर 24 तासांनी ऑनलाइन पडताळणीची आणि जुन्या डिस्कच्या विक्रीवरील निर्बंधांची घोषणा केली होती, ती ग्राहकांच्या तीव्र विरोधामुळे त्याच वर्षी जूनमध्ये मागे घ्यावी लागली. मात्र डिस्क हातात असणे म्हणजे गेम कायमचा आपला असणे नव्हे: सर्व्हरशी जोडल्याशिवाय न चालणाऱ्या ‘द क्रू’ या गेमचे सर्व्हर 31 मार्च 2024 रोजी बंद झाल्यावर तो डिस्कवरूनही खेळता येईनासा झाला, आणि संगणकावरही.