टेन्शनच्या गोळीने फिट वाढते का?

प्रश्न: ताई नमस्कार, धाकट्या भावाला लहानपणापासून फिट येते, गोळी चालू आहे. २०१९ च्या पुरात घरात पाणी शिरलं तेव्हापासून पावसाळ्यात कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळची पाण्याची पातळी नुसती ऐकली तरी त्याला धडधडतं, रात्रभर झोप नाही. आता डॉक्टरांनी एस्सिटालोप्राम ही टेन्शनची गोळी दिलीय, पण आठवडा झाला भाकरी समोर आली की मळमळतं, आणि शेजारचे म्हणतात यानं सेरोटोनिन वाढतं नि फिट येते, बंद करा. काय करू?
– एक बहीण, सांगलीवाडी

उत्तर: ताई, दोन्हीपैकी एकही गोळी आपल्या मनानं बंद करू नका. फिटची तर अजिबात नाही, ती अचानक सोडली तर एकामागून एक फिट येऊन जिवावर बेतू शकतं.

आता सेरोटोनिनचं, म्हणजे शरीरात निरोप पोचवणाऱ्या एका रसायनाचं. ते एकच आहे पण ज्या रिसेप्टरवर (पेशीवरच्या निरोप घेणाऱ्या जागेवर) जाऊन बसतं ते १४ प्रकारचे आहेत, त्यामुळे कृष्णेच्या एकाच पाण्यावर ऊस वेगळा नि हळद वेगळी पिकते तसं काम ठिकाणानुसार बदलतं. १ए रिसेप्टर भीती नि ताण आवरायला मदत करतो. २सी भूक आवरतो, आणि १९९५ साली अमेरिकेत ज्या उंदरांमध्ये हा २सी जन्मापासूनच नव्हता ते जास्त खाऊन लठ्ठ झाले आणि त्यांना फिटही यायला लागल्या! म्हणजे सेरोटोनिन वाढलं की फिट येणारच असं सरसकट नाही. फेनफ्लुरामिन हे सेरोटोनिन वाढवणारं औषध भूक मारायला द्यायचे, हृदयाच्या झडपा बिघडतात म्हणून १९९७ ला बाजारातून काढलं, आणि तेच २०२० ला अमेरिकेत ड्रॅव्हे सिंड्रोम नावाच्या लहान मुलांच्या अवघड फिटसाठी मंजूर झालं, अर्थात हृदयाची तपासणी करत करतच द्यायचं.

एस्सिटालोप्राम नेहमीच्या डोसमध्ये फिटचा धोका फार वाढवत नाही, म्हणून फिटच्या पेशंटलाही विचार करून देतात. उलट जागरण नि ताण यानंच कित्येकांना फिट येते, आणि तुमच्या भावाचं नेमकं तेच चाललंय.

मळमळ कशानं, तर शरीरातलं जवळजवळ ९० टक्के सेरोटोनिन पोटात-आतड्यात असतं, तिथला ३ नंबरचा रिसेप्टर चाळवला की मळमळतं. बहुतेकांचं एकदोन आठवड्यांत बसतं, गोळी जेवणानंतर देऊन बघा. पण मेडिकलमधून मळमळ थांबवायची ओंडान्सेट्रॉन आणून देऊ नका हं, ती हाच रिसेप्टर अडवते हे खरं, पण या गोळीसोबत हृदयाचे ठोके बिघडू शकतात. अंगदुखीला ट्रामाडॉल तर नकोच, त्यानं फिटचा धोका खरंच वाढतो आणि या गोळीबरोबर सेरोटोनिन प्रमाणाबाहेर जाऊ शकतं.

गुण यायला दोनचार आठवडे लागतात. तोवर फिट कधी आली, किती वेळ टिकली, आदल्या रात्री झोप झाली होती का हे कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि पुढच्या वेळी चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं बरोबर न्या. फिट वाढल्या, तो फार अस्वस्थ झाला किंवा जिवाचं बरंवाईट करायचं बोलला तर तारखेची वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा, आणि फिट पाच मिनिटांत थांबली नाही तर लगेच १०८ ला फोन लावा.