वीज गेल्यावर बंद पडणारा ओडूचा सर्व्हर सेवा म्हणून हाताने कसा बसवावा?

आपल्या जिनिंगमध्ये उबुंटू या लिनक्स प्रणालीवर ओडू हे व्यवसायाचे सॉफ्टवेअर बसवले आहे, ते टर्मिनलमधून चालू करावे लागते आणि वीज जाऊन आली की कोणी तरी पुन्हा कमांड देईपर्यंत काटापावती निघत नाही, असे आपण लिहिले आहे. मी यवतमाळ जिल्ह्यात अशाच एका जिनिंगचा संगणक सांभाळतो. पहिल्या हंगामात आमच्याकडेही कापसाच्या गाड्या रस्त्यापर्यंत लागलेल्या असत आणि पासवर्ड माहीत असलेला एकटा माणूस बाहेरगावी असे. म्हणून सर्व्हर माणसावाचून उभा राहतो की नाही, हीच या कामाची कसोटी धरावी.

आधी ओडूसाठी ‘ओडू’ नावाचा वेगळा सिस्टम वापरकर्ता करा आणि पोस्टग्रेसमध्ये, म्हणजे ओडूचा डेटा ठेवणाऱ्या डेटाबेस प्रोग्राममध्ये, त्याच नावाचा, डेटाबेस तयार करण्याचा अधिकार असलेला वापरकर्ता करा. दोन्ही नावे एकच असली आणि ओडूच्या कॉन्फिग (मांडणीच्या) फाइलमध्ये डेटाबेसचा होस्ट, म्हणजे तो कोणत्या यंत्रावर आहे ते, रिकामे ठेवले, तर त्याच यंत्रावर पासवर्ड लागत नाही. पोस्टग्रेसच्या मुख्य ‘पोस्टग्रेस’ खात्याने जोडू पाहिल्यास ओडू स्वतःच चालू होण्यास नकार देते, आणि ते योग्यच आहे.

मग सिस्टमडीची, म्हणजे उबुंटू सुरू होताना प्रोग्राम चालू करून सांभाळणाऱ्या व्यवस्थेची, सर्व्हिस फाइल लिहा. ‘एक्झेकस्टार्ट’च्या ओळीत व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमधील (ओडूसाठी वेगळ्या ठेवलेल्या फोल्डरमधील) पायथॉन, ओडू चालू करणारी ओडू-बिन ही फाइल आणि कॉन्फिग फाइल या तिघांचे पूर्ण पाथ द्या, कारण टर्मिनलमध्ये आपण आधी एन्व्हायर्नमेंट चालू करतो तसे येथे कोणी करत नाही. ‘आफ्टर’मध्ये पोस्टग्रेसची सर्व्हिस लिहा, मात्र त्याने केवळ क्रम ठरतो, पोस्टग्रेस चालू करून घ्यायचे असेल तर ‘वॉन्ट्स’मध्येही तिचे नाव हवे.

सर्वांत जास्त लक्ष बंद पडलेला प्रोग्राम पुन्हा चालू करणाऱ्या ‘रीस्टार्ट’कडे द्या. ते ‘ऑलवेज’ ठेवले तरी पुरत नाही. सिस्टमडी मुळात सेकंदाच्या दहाव्या भागातच पुन्हा प्रयत्न करते आणि 10 सेकंदांत 5 वेळा चालू करूनही प्रोग्राम लगेच बंद पडला की प्रयत्न सोडून देते. अचानक वीज गेल्यानंतर पोस्टग्रेसला आपल्या नोंदी वाचून सावरायला वेळ लागू शकतो, आणि तेवढ्यात ही संधी संपू शकते. दोन प्रयत्नांमधील सेकंद ठरवणारे ‘रीस्टार्टसेक’ 10 केल्यास ती मर्यादा कधीच गाठली जात नाही.

फाइल जतन केल्यावर डेमन-रीलोड करा, म्हणजे सिस्टमडी ती नव्याने वाचते, आणि सर्व्हिस ‘इनेबल’ करून ‘स्टार्ट’ करा. केवळ ‘स्टार्ट’ केले तर पुढच्या बूटला ती येणार नाही. ब्राउझरमध्ये ओडूच्या 8069 पोर्टवर पान उघडले नाही, तर जर्नलसीटीएल या नोंदी दाखवणाऱ्या कमांडने त्या सर्व्हिसच्या शेवटच्या ओळी वाचा. फाइलींची मालकी चुकली असेल तर ते तेथे दिसते.

वेग वाढतो म्हणून पोस्टग्रेसचे एफसिंक (नोंद खरोखर डिस्कवर लिहिली गेल्याची खात्री करणारी सोय) बंद करा, असे कोणी सुचवले तर कृपया ऐकू नका. आपल्याकडच्या विजेत त्याने शेतकऱ्यांच्या चुकाऱ्याचा हिशेबच बिघडू शकतो.

शेवटी बायोसमध्ये, म्हणजे यंत्र चालू होतानाच्या मूळ सेटिंग्जमध्ये, वीज परत आल्यावर यंत्र आपोआप चालू होण्याची सोय सुरू करा. मग काटा रिकामा असताना यंत्र रीतसर बंद करा, वीजपुरवठा तोडून पुन्हा जोडा आणि कीबोर्डला हात न लावता पावती निघते का, ते पाहा.