लाट रंगवायची की छापायची?

प्रश्न : मी साताऱ्यातील एका शाळेत सहावी-सातवीला चित्रकला शिकवते. गेल्या वर्षी ‘आशियाई कला’ या प्रकल्पासाठी मी मुलांना होकुसाई या जपानी चित्रकाराच्या प्रसिद्ध लाटेची झेरॉक्स दिली आणि त्यांनी ती रंगवली. प्रदर्शन देखणे झाले, परंतु मुले त्यातून काय शिकली, हे मला सांगता येईना. वर्गात चाळीस मुले आहेत आणि त्यांच्या हाती कोरणी देण्याची सोय नाही. यंदा वेगळे काय करावे?
– एक कलाशिक्षिका

उत्तर : आपली अस्वस्थता रास्त आहे. आधी प्रकल्पाच्या नावाविषयी सांगतो. ‘आशियाई कला’ अशी एकच एक कला नाही. जावाचे बाटिक, चीनमधील शाईची चित्रे आणि जपानचे काष्ठठसे यांची साधने व हेतू निरनिराळे आहेत, आणि आपली वारली चित्रेही आशियातीलच आहेत. म्हणून प्रकल्पाला ‘जपानी ठसाचित्रे’ असे स्पष्ट नाव द्यावे.

ती लाट मुळात हाताने रंगवलेले चित्र नाही. १८३१ च्या सुमारास लाकडी ठशांवरून काढलेला तो छापा आहे, आणि झेरॉक्स रंगवताना नेमकी हीच गोष्ट मुलांपासून निसटते. चित्रकार पातळ कागदावर रेखाटन करी. ते चेरीच्या फळीवर पालथे चिकटवून कोरणारा रेषा मोकळ्या करी, म्हणजे मूळ रेखाटन त्यातच संपून जाई. प्रत्येक रंगासाठी निराळा ठसा कोरला जाई. छापणारा ठशावर कुंचल्याने रंग लावून वर कागद ठेवी आणि बांबूच्या पर्णवेष्टनाने मढवलेल्या चकतीने तो घासत असे. खर्च आणि विक्री प्रकाशकाची. त्या चित्रातला गडद निळा रंग तर बर्लिनमध्ये शोधला गेलेला होता, हे मुलांना अवश्य सांगावे.

वर्गात चौघांचा एक गट करून हीच चार कामे वाटून द्यावीत. कोरणीऐवजी हस्तकलेचे रबरी फोमशीट कात्रीने कापून पुठ्ठ्यावर चिकटवले तरी ठसा तयार होतो. (थर्मोकोलच्या ताटल्या सुचवत नाही, महाराष्ट्रात २०१८ पासून त्यांवर बंदी आहे.) रेखाटन बटर पेपरवर करून पालथे चिकटवावे आणि त्यावरून कापावे, म्हणजे छाप सुलट येतो. तीन रंग, तीन पुठ्ठे पुरेत. फिका रंग आधी, गडद शेवटी. फोमवर पातळ रंग थेंबाथेंबाने गोळा होतो, म्हणून पोस्टर कलरमध्ये तांदळाच्या पिठाची थोडी खळ मिसळावी. जपानी छापणारेही खळ वापरत.

खरी कसोटी रंग जुळवण्याची असते. जपानी ठशावर कागदाचा एक कोपरा आणि तीच कड टेकवण्यासाठी दोन खुणा कोरलेल्या असतात. त्यांना ‘केन्तो’ म्हणतात. आपल्या तिन्ही पुठ्ठ्यांवर नेमक्या त्याच जागी काटकोनाची एक आणि सरळ अशी एक पट्टी चिकटवावी व दर वेळी कागद तिथेच टेकवावा. पहिल्या चार-पाच प्रती सरकतील, त्या फेकू नयेत. खूण कुठे चुकली ते मुले त्यांवरूनच शोधतात. या कामाला किमान चार तास द्यावेत, एका तासात उरकण्याचा मोह टाळावा.

विषय मात्र लाट नको. ती ज्या मालिकेतली आहे, तिच्यात फुजी पर्वत निरनिराळ्या ठिकाणांहून, बहुधा कामात गढलेल्या माणसांच्या पाठीमागे दिसतो. एका चित्रात पिंप बनवणारा कारागीर आहे आणि पिंपाच्या गोल कड्यातून इवलासा फुजी डोकावतो. मालिकेचे नाव छत्तीस दृश्यांचे असले, तरी पुढे दहा वाढून ती ४६ झाली. आपल्या मुलांना अजिंक्यतारा रोज दिसतो. प्रत्येक गटाने आपली जागा निवडावी, भाजी मंडई, गॅरेज किंवा घराची गच्ची, आणि तिथून किल्ला केवढा दिसतो हे प्रत्यक्ष उभे राहून रेखाटावे. असे दहा गटांचे दहा छापे म्हणजे आपल्या वर्गाची मालिका होईल.

प्रत्येकाला घरी नेण्यासाठी एकेक प्रत सहज निघते. जपानी छाप्यांवर चित्रकाराची सही असे, कोरणाऱ्याचे आणि छापणाऱ्याचे नाव क्वचितच येई. आपल्या प्रदर्शनात मात्र प्रत्येक छाप्याखाली चौघांची नावे त्यांच्या कामासह लिहावीत.